थंड हवेचा तापट माणूस

हिराजी घरत कुणाच्याही घरी एसी बघायला गेले की आधी पलंगावर आडवे व्हायचे.

चपला दाराबाहेर, हत्यारांची पिशवी कोपऱ्यात आणि माणूस थेट झोपायच्या खोलीत. उशी सारखी करायची, हात पोटावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. घरातल्या बाईने चादर नुकतीच बदललेली असो की पलंगावर इस्त्रीचे कपडे असोत, त्यांना फरक पडत नसे. कपडे उचलून खुर्चीवर ठेवायचे आणि झोपायचे.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी ऑफिसात होतो. बेलापूरला एका सरकारी कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळायचो मी. बायकोचा, मीनाचा, फोन आला. ती कुजबुजत होती. "अहो, तो एसीवाला आलाय. आपल्या पलंगावर झोपलाय."

"चक्कर आली का त्याला?"

"नाही. मला म्हणाला, वयनी, जरा गप बसा, मी झोपलोय."

मी घरी पोचेपर्यंत त्यांचं झोपून झालं होतं. मी जरा आवाज चढवला, तर त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "सायब, तुमी एसी कुठं वापरता? झोपून. मंग मी स्टुलावर उबा राहून काय बगू? हवा पायावर येते का डोक्यावर, आवाज कुठं येतो, झोपल्याबिगर कसा कलंल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची नऊ-दहा वर्षं ते आमच्याकडे येत राहिले, आणि दर वेळी आधी झोपले.

त्या दिवशी निदान झालं ते असं: एसीचं बाहेरचं मशीन खिडकीच्या ग्रिलमध्ये होतं आणि त्याच्या मागे कबुतराने घरटं केलं होतं. काड्या, पिसं, तारेचे तुकडे. हवा बाहेर पडायला जागाच नव्हती. मी म्हटलं, काढून टाका. घरत ग्रिलमध्ये अर्धे बाहेर लोंबकळत आत डोकावले आणि परत आले. "दोन अंडी हाईत. दीड महिना पंखा लावा."

"अहो, मे महिना आहे!"

"तिला पन मे महिनाच हाय."

आणि पिशवी उचलून निघून गेले. आम्ही दीड महिना घामाने निथळत, एका कबुतरीच्या बाळंतपणासाठी पंख्याखाली झोपलो. दीड महिन्याने न बोलावता आले, पिल्लं उडाल्याची खात्री केली, घरटं काढलं, जाळी ठोकली. "परत आली तर मला सांगू नका," म्हणाले. "माझी तिची वलख झाली."

सगळी सोसायटी त्यांना घरतमामा म्हणायची. राहायचे शिरवणे गावठाणात, जुन्या गावात, जिथे दोन घरांच्या मधून स्कूटर न्यायची तर आरसे दुमडावे लागतात. बुटके, काळेसावळे, डोक्यावर पिकलेले दाट केस. खाली खाकी पँट आणि वर पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. या धंद्यात पांढरा शर्ट म्हणजे वेडेपणाच. पण चार तास काजळी आणि तेलात हात घालूनही त्या शर्टाला डाग पडलेला मी पाहिला नाही. मी मात्र पंख्याखाली बसून फक्त कागदांवर शिक्के मारायचो आणि संध्याकाळी माझ्या बाहीवर शाई असायची.

मामांचे वडील मिठागरावर होते. हे शहर आलं, मिठागरं गेली, आणि मामा पोरवयातच बर्फाच्या कारखान्यात लागले. तिथून न्हावा शेव्याच्या बंदरात, थंड कंटेनरांवर. कोळंबी, द्राक्षं, औषधं, सगळं परदेशी जायचं आणि ते थंड ठेवायचं काम यांचं. तिथल्या कॉम्प्रेसरांच्या आवाजाने डावा कान गेला. पण गेला म्हणून त्यांनी कधी हळहळ केली नाही, उलट तो कान त्यांना फार उपयोगी पडायचा. गिऱ्हाईक कटकट करायला लागलं की ते डावी बाजू त्याच्याकडे करून कामाला लागत.

बंदराच्या नोकरीतून एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली होती, ती म्हणजे माणसापेक्षा कोळंबी बरी. "कोलंबीला वजा अठरा लागतं," ते म्हणायचे. "एकदा लावला का ती पार विलायतेपर्यंत तक्रार करत नाय. मानूस? रात्री अठरा लावतो नि वर गोधडी घेतो! मंग सकाली मला फोन, मामा, अंग दुखतंय."

रिमोटवर त्यांचा राग होता. काम झालं की ते एसी सव्वीसवर लावायचे आणि रिमोट कपाटाच्या वर, हात पुरणार नाही इतका आत सारायचे. आमच्याकडे तर त्यांनी निवाडाच केला होता. मला उकडायचं, मीनाला थंडी वाजायची. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी हा एकच वाद आमच्यात शिल्लक होता. मामांनी दोघांना पलंगावर बसवलं, मीनाला माझ्या जागेवर आणि मला तिच्या जागेवर. "आता तुमी इकडं झोपा. वारा हिकडं येतो. भांडन मिटला. परत रिमोटला हात लावलात तर वायर कापीन."

भांडण खरंच मिटलं. रिमोट अजून त्या कपाटावर असेल.

आमच्या सोसायटीत त्यांची कीर्ती झाली ती मात्र अध्यक्षांच्या पाण्यामुळे. अध्यक्ष म्हणजे साळवी, दुसऱ्या मजल्यावरचे. त्यांच्या एसीचं पाणी तळमजल्यावरच्या कांबळे आजींच्या अंगणात पडायचं. आजी उन्हाळ्यात कुरडया घालायच्या आणि नेमक्या वाळत आल्या की वरून थेंब. आजींनी तीन अर्ज दिले. साळवींनी प्रत्येक अर्जावर "तांत्रिक बाब, तपासून घेऊ" असं लिहिलं. हा शेरा ते कुठून शिकले ते मला माहीत होतं. माझ्याच कार्यालयात तो रोज शंभरदा लिहिला जायचा.

शेवटी आजीच घरतमामांना हाताला धरून साळवींकडे घेऊन गेल्या. साळवी क्रिकेट बघत होते. म्हणाले, "पाणी कुठेही सोड रे बाबा, फक्त हिच्या कुरडयांवर नको."

"कुटं पन?" मामांनी उजवा कान पुढे करून विचारलं.

"कुठेही!"

मामांनी तासभर काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साळवी खाली उतरले तेव्हा त्यांच्या नव्या गाडीच्या टपावर टप, टप, टप पाणी पडत होतं. अगदी मधोमध. रात्रभर पडत होतं. अर्ध्या सोसायटीला गॅलरीतून ते दिसत होतं आणि कुणीही कळवलं नव्हतं. साळवींनी फोनवर आरडाओरडा केला, तर मामा शांतपणे म्हणाले, "आजीच्या कुरडईचा आवाज येत न्हवता तुमाला. पत्र्याचा येतो."

त्या दिवशी दुपारपर्यंत पाइप थेट गटारात गेला. आजींनी त्या वर्षी घरोघरी कुरडया वाटल्या. साळवींनाही दिल्या. त्या स्वभावाने चांगल्या होत्या.

एवढं सगळं गमतीचं. पण घरतमामांशी माझं एकदा कडाक्याचं भांडण झालं, आणि तेही घर विकताना.

आमची इमारत जुनी, चार मजली, आम्ही सर्वांत वर, लिफ्ट नाही. मीनाचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले, म्हणजे मीनाने घराबाहेर पडणंच बंद केलं. सहा महिन्यांत ती तीन वेळा खाली उतरली असेल, तिन्ही वेळा दवाखान्यासाठी. भाजी दोरीने वर यायची. बायका खालून हाका मारायच्या, ती वरून हात हलवायची. आमची मुलगी अश्विनी पनवेलला राहते. तिच्या शेजारच्या इमारतीत, लिफ्टवाल्या, एक घर मिळत होतं. तो मालक थांबायला तयार होता, पण फार नाही. आमचं विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं.

एजंट होता बंटी. कानात कायम ते निळं लुकलुकणारं यंत्र, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की दुसऱ्या कुणाशी ते कळत नसे. घर बघितलं आणि बेडरूममध्ये येऊन थबकला. "सर, हा एसी?"

एसी चौदा वर्षांचा होता. पांढऱ्याचा पिवळा झालेला. सुरू केला की आधी खोकायचा, मग गुरगुरायचा आणि अर्ध्या तासाने खोलीत जरा दमट वारा सोडायचा.

"सर, पार्टी आत आली ना, पहिला बेडरूम थंड पाहिजे. उन्हाळा आहे. थंड रूम म्हणजे घर अर्धं विकलं. नवीन टाका, नाहीतर रिपेर करा. पण चालायला पाहिजे, बस."

जावई म्हणाला नवीन घ्या. मीना म्हणाली जे घर सोडायचं त्याला नवीन कशाला. मी घरतमामांना बोलावलं.

ते आले, झोपले, उठले, ग्रिलमध्ये गेले, परत आले. "कॉइलला भोका पडलीत. खाडीची हवा हाय, खारी. तांबं खाते. एक भोक न्हाय, चालनी झालीय. गॅस भरला तर आठ-पंधरा दिवस र्‍हाईल, मंग गेला."

"मग भरा ना. तेवढेच दिवस पाहिजेत."

मामांनी पाना पिशवीत टाकला. "कोनाला पाह्यजेत?"

"बघायला येणाऱ्यांना हो. घर विकलं की सुटलो."

"मी नाय भरत," ते म्हणाले. "कॉइल बदलायची तर बदलतो. जुनी कुठं भेटते का बगतो तुर्भ्याला. नायतर काडून ठेवा आनि सांगा, एसी नाय. पन गळक्या मशीनमदी गॅस मी नाय भरत."

मला वाटलं नखरे आहेत. मी म्हटलं, बरं, कॉइल बघा. त्यासाठी ते रविवारी मापं घ्यायला परत आले आणि बाहेर ग्रिलमध्ये बसले असतानाच बंटी न सांगता एक जोडपं घेऊन आला. घणसोलीहून आलेलं, तरुण, दोघंही कंपनीत. मुलीला स्वयंपाकघर आवडलं. मुलाला गॅलरीतून दिसणारा खाडीचा तुकडा आवडला. बेडरूममध्ये आले. मुलाने एसीकडे बोट दाखवलं. "चालतो ना?"

"एकदम मक्खन!" बंटी म्हणाला. "दोन-तीन वर्षंच झाली असतील. ना, सर?"

मी मान हलवली. हो असंही नाही आणि नाही असंही नाही, सरकारी नोकरीत जशी हलवायची सवय लागते तशी.

तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला. "दोन वर्सं? माजी नात नववीला हाय, तिच्या बारशाच्या वक्ताला घेतलेला हाय ह्यो!"

मुलगी किंचाळली. चौथ्या मजल्याच्या खिडकीत बाहेरच्या बाजूने एक म्हातारा, हातात पाना घेऊन, आत बघत होता.

जोडपं पाच मिनिटांत गेलं. जाताना मुलगा एवढंच म्हणाला, "अंकल, एसीबद्दल खोटं सांगता, मग पाइपलाइनबद्दल काय सांगत असाल?"

मी मामांवर ओरडलो. आयुष्यात कुणावर ओरडलो नसेन इतका. माझी बायको सहा महिने घरात कोंडलेली आहे, तुम्हाला काय पडलंय, तुम्ही कोण आमच्या व्यवहारात बोलणारे, तुमचं काम पाना फिरवायचं, तेवढं करा. मामांनी डावा कान माझ्याकडे केला नाही, हे मला तेव्हाही जाणवलं. समोर उभं राहून सगळं ऐकलं. मग पिशवी उचलली. मीनाला म्हणाले, "येतो वयनी," आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवरून एक एसीवाला मागवला. इस्त्रीचा गणवेश, पायात प्लास्टिकच्या पिशव्या. तो पलंगावर झोपला नाही. वीस मिनिटांत गॅस भरला, मला पाच तारे द्यायला सांगितलं आणि गेला. खोलीत हिमालय अवतरला. चौदा वर्षांत त्या यंत्राने इतकी थंडी केली नव्हती.

त्या आठवड्यात जाधव मॅडम आल्या. वयाने पंचेचाळिशीच्या, कोर्टात लिपिक, मूळच्या बीडकडच्या. सोबत वडील होते, शांत, हातात कापडी पिशवी घेतलेले. बाईंनी नळ उघडून पाहिले, दारं लावून पाहिली. बेडरूममध्ये वडील पलंगाच्या काठावर टेकले आणि म्हणाले, "गार हाय लई. इथं बरं वाटतंय." बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "बाबांना उन्हाचा फार त्रास होतो हो." रविवारी नवऱ्याला दाखवते आणि पक्कं करते, असं म्हणून गेल्या. बंटीने मला अंगठा दाखवला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता, शपथेवर सांगतो. त्या संध्याकाळी मीना म्हणाली, "घरतमामांचा पाना ग्रिलमध्ये राहिलाय. देऊन या."

"येईल तो न्यायला."

"तुम्ही इतकं बोललात, ते येणार नाहीत. तुम्ही जा."

मी गेलो. शिरवण्याच्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. मामा नव्हते. त्यांच्या बायकोने, गुलाबबाईंनी, दार उघडलं. उंच, ठसठशीत बाई, कपाळावर मोठं कुंकू. पुढच्या खोलीत उकाडा होता, वर एक पंखा घरघरत होता. भिंतीवर, छताजवळ, एक चौकोनी भोक होतं, आत सिमेंट भरलेलं, पण वरून रंग द्यायचा राहिलेलं.

मी गंमत म्हणून विचारलं, "एसीवाल्याच्या घरी एसी नाही?"

"व्हता ना!" गुलाबबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. "नवा. माज्यासाठी घेतला. मी म्हनलं, जन्मभर दुनियेला गार केलंत, एकदा मला करा. तर घेतला. आठ दिवस झोपले मी त्यात. आठच."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मामा तेव्हा नुकतेच बंदरातून सुटून घरोघरी कामं करायला लागले होते. तुर्भ्याला एकाला खोली विकायची होती. एसी गळका. त्याने सांगितलं, गॅस भर, गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत चालू दे. मामांनी भरला. सगळेच भरतात. ती खोली घेतली एका ट्रेलर ड्रायव्हरच्या घरच्यांनी. महादेव त्याचं नाव. बंदराच्या रस्त्यावर गाडीवरून पडून त्याची मान मोडली होती, मानेखालचं सगळं शरीर गेलेलं. अशा माणसाला घाम येत नाही. उन्हाळ्यात अंग नुसतं तापत जातं आणि त्याला ते कळतही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंड खोली पाहिजेच. म्हणून त्यांनी ती एसीची खोली घेतली होती.

"चौथ्या दिवशी गॅस गेला," गुलाबबाई म्हणाल्या. "त्याची बायको कामावर गेलेली. आली तर मानूस पेटलेला, डोले फिरलेले. दवाखान्यात नेला. वाचला. मशीनवर आमच्या यांचा नंबर लिवलेला, तर फोन यांना आला. बाई रडत व्हती, शिव्या देत न्हवती. शिव्या दिल्या असत्या तर बरा व्हता. हे घरी आले, स्टूल घेतला, नि आमचा एसी भिंतीवरनं काडला. मी म्हनलं, काय करता? बोलले नाय. स्कूटरला बांदला नि गेले. त्याच संध्याकाली तिकडं लावला."

"आणि तुम्ही?"

"मी महिनाभर यांच्याशी बोलले नाय!" त्या एकदम हसल्या. "यांना कललाच नाय मी बोलत नाय ते. मी डाव्या बाजूला झोपते ना!"

हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. महिन्याभराने त्या स्वतःच कालवण घेऊन महादेवकडे गेल्या होत्या. अजून जातात. मामा दर होळीच्या सुमाराला बाकी सगळी कामं सोडून आधी तिकडचा एसी उघडतात. दुसरा एसी घरी घेतला नाही का, असं मी विचारलं. "घ्या म्हनलं कितींदा. हे म्हनतात, नको, ते भोक रोज बगू दे मला."

मी पाना ठेवला आणि निघालो. मला जाधव मॅडमचे वडील आठवत होते. पलंगाच्या काठावर टेकून, इथं बरं वाटतंय म्हणणारे.

घरी येऊन मीनाला सांगितलं. तिने गुडघ्यावरची तेलाची वाटी बाजूला ठेवली. "मामांना बोलवा रविवारी," म्हणाली.

"अगं, हाही व्यवहार जाईल."

"जाऊ दे गेला तर. मी दोरीने भाजी ओढतेय, ओढेन अजून."

मी फोन केला. माफी मागायची म्हणून शब्द जुळवले होते. मामांनी ते पुरे होऊ दिले नाहीत. "पाना भेटला. किती वाजता येऊ?"

रविवारी जाधव मॅडम नवऱ्याला आणि वडिलांना घेऊन आल्या, बंटी होता, आणि बेडरूममध्ये पलंगावर घरतमामा झोपले होते. डोळे मिटून. कुणाला काही कळेना.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"हे एसीबद्दल सांगतील," मी म्हटलं. "मॅडम, परवा तुम्ही आलात तेव्हा मी त्यात गॅस भरून ठेवला होता. तो टिकणार नाही."

बंटीच्या कानातलं निळं यंत्र लुकलुकायचं थांबलं असं मला वाटलं.

मामा उठून बसले. मॅडमच्या वडिलांना हाताने पलंगावर जागा करून दिली. मग बाईंना म्हणाले, "चौदा वर्सांचा हाय. कॉइल गेलीय. गॅस परवाच्या परवा संपंल. माज्याकडं एक जुनी कॉइल हाय, तुर्भ्याला भेटलीय, चांगली हाय. ती मी टाकतो. मंग हा एक उन्हाला काडंल. दुसऱ्याची हमी नाय. गनपती झाले का नवा घ्या, तेव्हा पाह्यजे तो भेटतो, कारागीर पन मोकला असतो. म्हाताऱ्याला सव्वीसच्या खाली नको. आनि रिमोट त्याच्या हाताला लागल असा ठेवू नका."

एवढी थेट माहिती मॅडमना घर शोधायला लागल्यापासून कुणी दिली नसावी. त्यांनी खुर्ची ओढली आणि मामांसमोर बसल्या. "आणखी काय बिघडलंय या घरात?"

मी सरकून कपाटाला पाठ लावून उभा राहिलो.

"मोरीच्या भिंतीला ओल हाय," मामा बोटांवर मोजत म्हणाले. "पावसाल्यात फुगते. सायबांनी कपाट लावलंय म्होरं. स्वैपाकघराची खिडकी लागत नाय, लाथ मारावी लागते. वरच्या टाकीचा पानी सकाली साडेसहालाच भरून घ्या. दुसऱ्या माल्यावरचा अध्यक्ष तरास देतो, पन खाली आजी हाय, तिच्याशी चांगला र्‍हावा, म्हंजे झाला."

"आणि चांगलं काय आहे?"

मामांनी विचार केला. फार वेळ केला. मीनाकडे पाहिलं. "ही बाई चांगली हाय," म्हणाले. "पन ती चाललीय."

जाधव मॅडम हसायला लागल्या, मग त्यांचा नवरा, मग मीना. बंटी सोडून सगळे. वडिलांना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण तेही हसले. मॅडमनी मोरीची भिंत दुरुस्त करून मागितली, मी कबूल केलं. एक अट त्यांनी आणखी घातली: कॉइल मामांनीच टाकायची आणि मशीनवर त्यांचा नंबर लिहून ठेवायचा.

पावसाआधी मीना चार मजले उतरली. मी एका बाजूला, अश्विनी दुसऱ्या बाजूला, प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची आणि खुर्चीशी एक शेजारीण. तळमजल्यावर आजींनी तिच्या हातावर दही ठेवलं. मागे वळून तिने वर एकदाही पाहिलं नाही. म्हणाली, मान वर केली की गुडघा दुखतो.

पनवेलच्या घराची वास्तुशांत केली तेव्हा घरतमामा आणि गुलाबबाई आले. मामांनी नेहमीचाच पांढरा शर्ट घातला होता, फक्त आज पिशवी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. नव्या घरात प्रत्येक खोलीत बिल्डरने एसी बसवून दिला होता. जावई मोठ्या उत्साहाने त्यांना दाखवायला घेऊन गेला. आम्ही सगळे मामा काय बोलतात याची वाट बघत मागोमाग गेलो. मामांनी एसीकडे पाहिलंही नाही. ते एकेका खोलीत गेले आणि एकेक खिडकी उघडत गेले. शेवटच्या खिडकीशी जरा उभे राहिले, बाहेर अजून शिल्लक असलेल्या शेताच्या तुकड्याकडे बघत. "दोन वर्सं वारा हाय तुमाला," म्हणाले. "मंग म्होरं बिल्डिंग होईल. तवर बटन दाबू नका."

मग जेवले, दोनदा बासुंदी घेतली, आणि निघाले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले होते, उठले नाहीत. मला चार दिवसांनी कळलं. गावठाणात गेलो तेव्हा गर्दी ओसरली होती. गुलाबबाईंच्या शेजारी एक बाई बसली होती, तुर्भ्याहून आलेली, महादेवची बायको. दोघी लसूण सोलत होत्या.

मला मामा दिसतात ते मात्र वास्तुशांतीच्या दिवशीचे. त्यांना निरोप देऊन मी गॅलरीत आलो, मीनाही आली, आता तिला गॅलरीत यायला काठी पुरत होती. खाली फाटकाजवळ त्यांची स्कूटर उभी होती. गुलाबबाई मागे बसून तयार होत्या, मांडीवर प्रसादाचा डबा. पण मामा स्कूटर सुरू करत नव्हते. एक पाय जमिनीवर टेकून, मान पार मागे टाकून ते आमची बावीस मजली इमारत बघत होते. प्रत्येक खिडकीखाली एसीचं एकेक मशीन, खालून वरपर्यंत. ते बोटाने मोजत होते. आठव्या की नवव्या मजल्यावर चुकले, मान हलवली आणि पुन्हा खालपासून सुरुवात केली. गुलाबबाईंनी पाठीत एक रट्टा दिला. मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मोजत राहिले.